वरणाच्या वाटीतील प्रथिने

मांसाहार न करणाऱ्याला पुरेशी प्रथिने मिळूच शकत नाहीत, असे मत आपल्याकडे बरेच रुजले आहे. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. आहारशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. परंतु खाणावळीत जेवणाऱ्यांना हा प्रश्न रोजच भेडसावतो, म्हणून थोडे वाचन केले आणि थोडी आकडेमोडही.

प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ आम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच घ्यावी लागतात. अंडी, दूध, मासे, मटण यांत ही नऊही योग्य प्रमाणात असतात. ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसीन कमी पडते. डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते, पण मेथिओनीन कमी. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. भाकरी-पिठले, वरण-भात, पोळी आणि मटकीची उसळ या जोड्या कोणा शास्त्रज्ञाने लावून दिलेल्या नाहीत, पण त्या अचूक जमल्या आहेत. ही जोडी एकाच जेवणात जुळली पाहिजे असेही नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेली म्हणजे झाले.

मग अडते कोठे? १९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने जगावर प्रथिनांचे संकट येऊ घातले आहे असा इशारा दिला होता. त्या मताला ज्यांनी आक्षेप घेतला त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे हे प्रमुख होते. त्यांचे म्हणणे असे की, भारतात प्रथिनांची कमतरता दिसते ती बहुतांशी मुळात पोटभर अन्न नसल्यामुळे. उष्मांक अपुरे पडले की शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळू लागते. सरपण नाही म्हणून घराचे वासे चुलीत घालण्यासारखेच हे! वजन उतरविण्यासाठी भाकरी सोडून नुसत्या अंड्यांवर राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी याचा जरूर विचार करावा.

आता हिशेब. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत; म्हणजे ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम व ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. दिवसाचे तीनशे ग्रॅम ज्वारी-गव्हाचे पीठ धरले तर त्यातूनच ३० ग्रॅमच्या आसपास येतात. पन्नास ग्रॅम तुरीची डाळ ११ ग्रॅम देते, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे सात. एक अंडे किंवा दोनशे मिलिलिटर दूध घेतले की आणखी सहा. धान्य-कडधान्यांतील प्रथिने अंड्या-दुधाच्या मानाने थोडी कमी पचतात, म्हणून हिशेब सढळ धरावा. शिवाय ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच. दूध-अंडी दोन्ही वर्ज्य करणाऱ्यांना ते गोळीवाटे वा अन्य मार्गाने घेतल्यावाचून गत्यंतर नाही. कोकणातल्या मंडळींना सुकट-बोंबलाची सोय आहे. पाणी उडून गेल्यामुळे सुक्या मासळीत वजनाच्या मानाने प्रथिने फारच जास्त असतात.

पण ही पन्नास ग्रॅम डाळ प्रत्यक्षात ताटात पडते का? आमच्या खाणावळीच्या मावशींना विचारले. चाळीस पानांना एका वेळी एक किलो डाळ शिजते, असे त्या म्हणाल्या. म्हणजे दर पानी पंचवीस ग्रॅम. दोन्ही वेळचे मिळून पन्नास भरतात खरे, पण संध्याकाळी उशिरा येणाऱ्यांच्या वाटीत वरणाऐवजी हळदीचे पाणीच येते, हे आपण सारेच जाणतो! एका वेळी दीड किलो डाळ घातली तर दर माणशी महिन्याला पाऊण किलो डाळ अधिक लागेल. तेवढे पैसे वाढवून देण्यास पंधरा जणी तयार आहेत. उरलेल्या पंचवीसजणींकडे वही फिरते आहे.