'नो' या इंग्रजी क्रियापदाची स्पॅनिशमधील वाटणी

'जाणणे' या अर्थाचे 'नो' हे क्रियापद इंग्रजी भाषकाला सहसा अनेकार्थी वाटत नाही. स्पॅनिश भाषकाला ते शिकविताना मात्र त्याचे निदान दोन अर्थ करावे लागतात. वस्तुस्थिती वा कौशल्य अवगत असणे म्हणजे 'साबेर'. व्यक्ती, स्थळ वा कलाकृती यांच्याशी परिचय असणे म्हणजे 'कोनोसेर'. (स्पेनमध्ये बहुतांशी 'कोनोथेर' असा उच्चार.) पैकी 'साबेर' हे लॅटिन 'सापेरे'पासून आले. त्याचा जुना अर्थ चव असणे असा असून, पदार्थाला कशाची चव लागते हे सांगण्यासाठी स्पॅनिशमध्ये आजही तेच योजतात.

हा भेद परभाषकाने इंग्रजीवर लादलेला आहे, असे मात्र नव्हे. बर्ट्रंड रसेल यांनी 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसफी' (१९१२) या ग्रंथात सत्यांचे ज्ञान आणि वस्तूंचे ज्ञान वेगळे केले, तेव्हा त्यांनाही फ्रेंच व जर्मनमधील अशाच क्रियापदांच्या जोड्यांकडे निर्देश करावा लागला.

खरी अडचण उद्भवते ती एकच कर्म दोन्ही क्रियापदांना चालते तेथे. 'आय नो द पोएम' या वाक्यातून कविता मुखोद्गत आहे की केवळ परिचयाची, हे कळत नाही. स्पॅनिश अनुवादकाला पहिल्या अर्थी 'साबेर', दुसऱ्या अर्थी 'कोनोसेर' घ्यावेच लागते. मुळात मोकळे राहिलेले त्याच्या हातून बंद होते. 'कविता मला येते' आणि 'कविता मला माहीत आहे' यांतून निवड करणाऱ्या मराठी अनुवादकाची स्थिती निराळी नाही. 'मला पोहता येते' हेही स्पॅनिशमध्ये 'साबेर'नेच सांगतात. इंग्रजी तेथे बहुधा 'कॅन'कडे वळते.

भूतकाळात गुंता वाढतो. 'साबीया' म्हणजे मला माहीत होते, 'सुपे' म्हणजे मला कळले. 'कोनोसीया' म्हणजे मी ओळखत होतो, तर 'कोनोसी' म्हणजे माझी प्रथम ओळख झाली. या शेवटच्या अर्थासाठी इंग्रजीत 'मीट' हे वेगळेच क्रियापद आहे. त्यामुळे स्पॅनिश भाषक विद्यार्थी 'आय न्यू हर इन १९९०' असे लिहितो, तेव्हा अनेकदा त्याला पहिली भेट अभिप्रेत असते. इंग्रज वाचक मात्र त्या वर्षी असलेली आणि कदाचित पुढे न टिकलेली ओळख असा अर्थ घेतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याने तपासणाऱ्याची लेखणीही त्यापाशी थांबत नाही.