कोकणातील बेने इस्राएल आणि हनुक्काचा सण

समाजाचा इतिहास समजून घ्यावयाचा तर त्याचे सणवार पाहावेत, असे नेहमी म्हटले जाते. परंतु एखादा समाज कोणता सण पाळीत नव्हता, यावरून त्याच्या प्राचीनतेचा पुरावा मांडला गेला, अशी उदाहरणे विरळाच. महाराष्ट्रातील बेने इस्राएल या मराठीभाषक यहुदी समाजाचे उदाहरण तसे आहे. हनुक्का हा दिव्यांचा सण जगभरातील यहुदी दोन हजारांहून अधिक वर्षे साजरा करीत आले. कोकणातील या समाजाला मात्र तो दीर्घकाळ ठाऊक नव्हता. तो नव्हता यावरून काय सिद्ध होते आणि पुढे तो आला तो कोणत्या मार्गाने, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने या समाजाचा इतिहास आणि त्याच्या सिनेगॉगांचे सामाजिक कार्य पाहता येते.

सणाचा उगम

हनुक्का या हिब्रू शब्दाचा अर्थ अर्पण अथवा प्रतिष्ठापना असा आहे. इ. स. पू. दुसऱ्या शतकात यरुशलेम सिरियाच्या ग्रीक राजवटीखाली होते. इ. स. पू. 175 मध्ये गादीवर आलेल्या चौथ्या अँटायोकस एपिफनीझ या राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि इ. स. पू. 167 मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले. मोदीन गावचा पुरोहित मत्तथिया व त्याचे पुत्र यांनी उठाव केला. त्यांपैकी यहूदा मक्काबी याने इ. स. पू. 164 मध्ये मंदिर जिंकून त्याची पुन्हा प्रतिष्ठापना केली. किस्लेव महिन्याच्या 25 तारखेपासून आठ दिवस उत्सव झाला. तोच हनुक्का होय. मंदिरात शुद्ध तेलाची एकच कुपी सापडली, तीत एका दिवसापुरते तेल होते, तरी दीप आठ दिवस जळत राहिला, ही कथा नंतरच्या तालमूद ग्रंथात आली आहे.

हा सण तोराच्या पाच ग्रंथांत सांगितलेला नाही. ज्या मक्काबी ग्रंथांत हा इतिहास आहे, त्यांना यहुद्यांच्या पवित्र ग्रंथसंग्रहात स्थान नाही. म्हणून शब्बाथप्रमाणे या दिवसांत कामधंदा वर्ज्य नसतो. धार्मिक दर्जाने दुय्यम असलेला हा सण प्रामुख्याने घरगुती दीपोत्सवाच्या रूपाने टिकून राहिला.

शनिवार तेली

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज कोकणच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि अलिबागजवळील नवगाव येथे किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांचे दफन नवगावीच झाले, असे मानतात. वाचलेल्यांचे वंशज कुलाब्याच्या, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याच्या, गावोगावी पसरले. केहीमकर, दिवेकर, राजपूरकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे त्या गावांची साक्ष देतात. त्यांचा मुख्य व्यवसाय तेलाचा घाणा चालविण्याचा होता. शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, ते घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

हिब्रू भाषा, ग्रंथ आणि प्रार्थनांचा क्रम या समाजाने गमावला होता. परंतु शब्बाथ, सुंता, आहाराचे काही नियम आणि ‘शेमा इस्राएल’ ही ईश्वराच्या एकत्वाची घोषणा त्यांनी सोडली नाही. सणांना त्यांनी मराठी नावे दिली होती. वर्षारंभाचा ‘नव्याचा सण’, त्यानंतरचा ‘खिरीचा सण’, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा ‘दरफळणीचा सण’, पुरीमचा ‘होळीचा सण’, वल्हांडणाचा ‘अनाशी डाकाचा सण’ अशी ती नावे आहेत. या यादीत हनुक्का नाही. घाणा हेच ज्यांचे उपजीविकेचे साधन, त्यांना तेलाच्या चमत्काराची कथा माहीत नव्हती, ही गोष्ट सहज लक्षात भरण्यासारखी आहे.

अभावाचा पुरावा

या अभावाचा अर्थ लावण्याचा पद्धतशीर प्रयत्न हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी केला. त्यांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत 1897 च्या सुमारास लिहून पूर्ण केला. तो 1937 मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: पूर्वज हनुक्का जाणत नव्हते, त्याअर्थी तो सण सुरू होण्यापूर्वीच त्यांनी मायदेश सोडलेला असला पाहिजे. इ. स. पू. 175 च्या सुमारास अँटायोकसच्या जुलमामुळेच ते निघाले असावेत, असे त्यांनी मानले. या मताप्रमाणे ज्या संकटाच्या निवारणाप्रीत्यर्थ हा सण सुरू झाला, त्याच संकटातून कोकणचे यहुदी निसटले होते. निवारणाची वार्ता मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही.

युक्तिवाद आकर्षक आहे, पण तो निर्णायक मानता येत नाही. एखादी प्रथा माहीत नसणे आणि एकेकाळी माहीत असून पुढे विस्मरणात जाणे, यांतील भेद केवळ अभावावरून ठरत नाही. ज्या समाजाने हिब्रू भाषाच गमावली, त्याने ग्रंथात आधार नसलेला एक सणही गमावला असेल, हे अशक्य नाही. बेने इस्राएलांचा निश्चित लेखी उल्लेख बराच उशिरा, मिशनरी सार्टोरियस यांच्या 1738 च्या पत्रात आढळतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील यहुदी आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या. हा संकर सुमारे 650 ते 1050 वर्षांपूर्वी झाला असावा, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. यहुदी वंशाच्या परंपरेला त्यातून पुष्टी मिळते, इ. स. पू. 175 या वर्षाला मिळत नाही.

सिनेगॉग आणि सणाचे आगमन

समाजाला धर्मशिक्षण देण्याचे श्रेय परंपरा दावीद राहाबी यांना देते. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. त्यांनी निवडलेल्या शिष्यांपासून काझींची परंपरा सुरू झाली, असे सांगतात. तोपर्यंत सिनेगॉग नव्हते. प्रार्थना घरोघरी होत. मुंबईत पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मांडवी भागात बांधले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते आणि सुटकेच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी ते उभारले, अशी आख्यायिका आहे. त्याचे नाव शाआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत. मस्जिद या रेल्वेस्थानकाच्या नावाचा संबंधही या वास्तूशी जोडला जातो.

पुढे रेवदंडा येथे 1842 मध्ये, अलिबागला 1848 मध्ये, पनवेलला 1849 मध्ये आणि ठाण्यास 1879 मध्ये सिनेगॉगे उभी राहिली. पुण्याच्या रास्ता पेठेतील सुक्काथ शेलोमो 1921 चे आहे. या वास्तू केवळ प्रार्थनेसाठी नव्हत्या. मुकादम समाजाचे नेतृत्व करी, गब्बाई हिशेब ठेवी, हज्जान प्रार्थना चालवी आणि शम्माश वास्तूची देखभाल करी. विवाह, तंटे, दफनविधी आणि गरजूंना साहाय्य ही कामे या व्यवस्थेतूनच होत. सणाच्या दिवसांत आसपासच्या खेड्यांतील कुटुंबे तेथे एकत्र येत.

या सिनेगॉगांच्या द्वारेच व्यापक यहुदी जगाशी संबंध जुळला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून शिक्षक आले. 1832 च्या सुमारास बगदादहून डेव्हिड ससून मुंबईत आले व त्यांच्यामागोमाग बगदादी यहुद्यांची वस्ती वाढली. 1829 मध्ये आलेले मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. परंतु त्यातून मिळालेले ज्ञान समाजाने स्वतःचा धर्म जाणून घेण्यासाठी वापरले. 1846 मध्ये वल्हांडणाची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. शिक्षक, शाळा आणि छापील ग्रंथ यांच्या मार्गाने इतर विधींबरोबर हनुक्काही समाजाच्या पंचांगात आला.

दीपविधी

यहुदी महिना आपल्या अमान्त महिन्याप्रमाणे नवचंद्रापासून मोजतात आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी 19 वर्षांत सात वेळा अधिक महिना धरतात. त्यामुळे किस्लेवची 25 वी तारीख नेहमी वद्य पक्षाच्या अखेरीस येते आणि सण अमावास्या ओलांडून नव्या महिन्यात संपतो. दिवाळीची रचनाही अशीच आहे. साधारणपणे दिवाळीनंतर एक-दोन महिन्यांनी येणारा हा सण कोकणातील शेजाऱ्यांना परका वाटण्याचे कारण नव्हते.

हनुक्काच्या दीपपात्रात आठ दिवे एका ओळीत असतात. नववा, सेवकदीप, थोडा वेगळा किंवा उंच असतो. त्यालाही शम्माश असेच म्हणतात. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन याप्रमाणे आठव्या रात्री आठ दिवे शम्माशाने लावले जातात. शम्माश सोडून एकंदर 36 दिवे होतात. दर रात्री एक कमी करीत जावे, असे शम्माय या आचार्याच्या अनुयायांचे मत होते. एक वाढवावा, असे हिल्लेलच्या अनुयायांचे. पवित्र गोष्टीत वृद्धी व्हावी, ऱ्हास होऊ नये, या कारणास्तव दुसरे मत मान्य झाले. या दिव्यांच्या उजेडात काम करावयाचे नसते. ते केवळ पाहण्यासाठी असतात. चमत्कार लोकांना दिसावा म्हणून ते दाराशी किंवा खिडकीत ठेवतात. सिनेगॉगमध्येही सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ते लावले जातात. तळलेले पदार्थ खाण्याची प्रथाही तेलाच्या कथेशीच जोडलेली आहे.

स्थलांतर आणि सद्यःस्थिती

1948 मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर बहुसंख्य बेने इस्राएल तिकडे गेले. तेथे त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतल्या गेल्या. शतकानुशतके धर्मपीठापासून दूर राहिलेल्या या लोकांचे विवाह व घटस्फोट शास्त्राला धरून झाले होते काय, असा आक्षेप होता. 1962 ते 1964 या काळात समाजाने त्याविरुद्ध लढा दिला आणि 1964 मध्ये इतर यहुद्यांच्या बरोबरीचे स्थान मिळविले. केहीमकरांनी ज्या अभावात प्राचीनतेचे भूषण पाहिले, तशाच अभावांकडे येथे संशयाने पाहिले गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. इस्राएलमध्ये लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना या गावांत आजही मराठी कानावर पडते. ‘मायबोली’ हे नियतकालिकही तेथून निघाले.

भारतात आता काही हजार यहुदी उरले आहेत. 2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तथापि, कोकणातील सिनेगॉगांपुढील अडचण दर्जाची नसून संख्येची आहे. सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. तिला मिन्यान म्हणतात. ज्या गावी तेवढी माणसे उरली नाहीत, तेथे वास्तू सुस्थितीत असूनही संपूर्ण उपासना होऊ शकत नाही. सण आला की मुंबई-ठाण्याकडील मंडळींची वाट पाहावी लागते.

हनुक्काच्या घरच्या दिव्याला मात्र मिन्यानची अट नाही. एकच कुटुंब, किंवा एकटी व्यक्तीही, तो लावू शकते. बेने इस्राएलांनी शेमा, शब्बाथ आणि सुंता यांच्या आधारे ग्रंथांवाचून धर्म राखला, तो घरातच. सिनेगॉगने त्यांना ज्ञान व संघटन दिले. सर्वांत उशिरा आलेल्या सणांपैकी एक असलेला हनुक्काही त्यांनी त्या मार्गाने स्वीकारला. आता संख्या घटत असताना त्या सणाचे रक्षण करण्याचे काम पुन्हा घराकडेच आले आहे.