न दिसणारी दारे

पायात काटा रुतताच त्याची वार्ता मज्जातंतूंतून विजेच्या रूपाने वर जाते. परंतु ही वीज तारेतल्या विजेसारखी नव्हे. तारेतून संदेश क्षणार्धात शेकडो कोस जातो. मज्जातंतूतील संदेश मात्र फार वेगवान तंतूतही सेकंदाला शंभर मीटरांच्या आसपासच जातो. ओलसर देहात ही संथ वीज उत्पन्न तरी कशी होते?

हे कोडे सुटण्यास एक सागरी प्राणी उपयोगी पडला. कोकणात ज्याला माकूळ म्हणतात, त्याच्याच कुळातला तो. माणसाचे मज्जातंतू केसाहूनही बारीक असतात. ह्या प्राण्याचे काही तंतू मात्र सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतात.

१९३९ साली इंग्लंडमधील प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्स्ली ह्या तरुणांनी अशा तंतूच्या आत बारीक विद्युदग्र सरकवले. तंतू स्वस्थ असताना त्याची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋणभारित होती. संदेश जाताना हा भेद फक्त नाहीसा होतो, अशी तेव्हाची समजूत होती. प्रत्यक्षात आतली बाजू क्षणभर चक्क धनभारित झाली! ह्याचे कारण शोधावे, तोच महायुद्ध पेटले. हॉजकिन रडारच्या कामास लागले, हक्स्ली तोफांच्या नेमबाजीच्या. कोडे तसेच पडून राहिले.

युद्धानंतर दोघांनी ते पुन्हा हाती घेतले. तंतूभोवती एक अतिशय पातळ आवरण असते. त्याच्या बाहेर सोडियमचे आयन, म्हणजे विद्युद्भारित अणू, पुष्कळ असतात. आत पोटॅशियमचे अधिक. दोन्ही धनभारित. संदेश येताच आवरणातील सोडियमची दारे उघडतात आणि ते आयन आत घुसतात. लगेच ती दारे मिटतात, पोटॅशियमची उघडतात, आणि पोटॅशियम बाहेर पडून तंतू पूर्ववत ऋणभारित होतो. एके ठिकाणचा हा खेळ सेकंदाच्या एक-दोन सहस्रांशांत आटोपतो. तेवढ्यात शेजारची दारे उघडलेली असतात. आयन तंतूभर धावत नाहीत. वाऱ्याची लाट शेतावरून जाते, पण कणसे जागच्या जागी डुलतात, तसेच हे.

ही कल्पना खरी की खोटी, हे गणिताने पडताळायचे होते. केंब्रिजचे विद्युत् गणकयंत्र नेमके तेव्हा बंद होते. हक्स्ली हाताने फिरवायच्या यंत्रावर कित्येक दिवस आकडेमोड करीत बसले. उत्तर आले सेकंदाला १८.८ मीटर, तंतूवर प्रत्यक्ष मोजलेला वेग होता २१.२ मीटर. हे संशोधन १९५२ साली प्रसिद्ध झाले, आणि १९६३ साली दोघांना जॉन एकल्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही दारे कोणी पाहिली नव्हती. १९७६ साली जर्मनीत एर्विन नेहर व बर्ट साकमान यांनी काचेच्या नळीचे सूक्ष्म टोक बेडकाच्या स्नायूच्या आवरणावर टेकवले, आणि अशाच एका दारातून वाहणारा प्रवाह मोजला. तो हळूहळू वाढत वा ओसरत नव्हता. एकदम सुरू होई आणि एकदम थांबे.