कामावर अपघात झाला? मालकाच्या भरपाईखेरीज काय मिळतं, किती आणि कुठे

मशीनमध्ये बोटं गेली, परांचीवरून पडलात, माल पोचवताना ट्रकने उडवलं. कामगार भरपाई हा एक मार्ग झाला. त्याचा 1923 चा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आला. त्याखेरीज बरंच काही मिळू शकतं. मात्र काही मार्ग एकत्र चालतात, तर काहींत एक धरला की दुसरा सुटतो. म्हणून कुठेही सही करण्याआधी हे वाचा.

पहिल्या दिवशी
केस पेपरवर अपघाताची खरी जागा लिहून घ्या. ठेकेदाराचा माणूस सोबत असला की "घरी जिन्यावरून पडला" असं परस्पर सांगितलं जातं. ते एक वाक्य पुढे प्रत्येक दाव्यात आडवं येतं. दवाखान्यात एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करायला सांगा. पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवा. त्याला पैसे लागत नाहीत, प्रतही मोफत मिळते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मशीनबाबतच्या निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेचं कलम 289 आहे. जागेचे फोटो, हजेरी कार्ड, पगार स्लिप, मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज, औषधांची बिलं जपून ठेवा.

ईएसआय
पगार दरमहा 21,000 रुपयांपर्यंत आणि आस्थापनेत 10 किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, हा तुमचा हक्क. उपचार मोफत आणि काम बंद असेपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के. नोकरीच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी लाभ मिळतो. पगार स्लिपवर 0.75 टक्के कपात दिसते का, बघा. मेख अशी की ईएसआय लागू असेल तर त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, दिवाणी दावाही लावता येत नाही.

वाहनामुळे अपघात
मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जा. अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही दावा चालतो. कामगार भरपाई ठरलेल्या सूत्राने मिळते. इथे पुढची बुडालेली कमाई, वेदना, उपचार यांचा हिशेब वेगवेगळा होतो. पण दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. मुदत अपघातापासून 6 महिने. वाहन पळून गेलं असेल तर हिट अँड रन योजनेत जबर दुखापतीला 50,000 आणि मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसील कार्यालयात.

दिवाणी दावा
मालक, जागामालक, दुसरा ठेकेदार किंवा मशीन बनवणारा, ज्याचा निष्काळजीपणा असेल त्याच्यावर लावता येतो. मुदत साधारण 3 वर्षं, मृत्यू झाला असेल तर वारसांना 2 वर्षं. रक्कम मोठी मिळू शकते. पण निष्काळजीपणा तुम्हालाच सिद्ध करावा लागतो, कोर्ट फी लागते आणि निकालाला वर्षं जातात. मालकावर असा दावा लावला तर कामगार भरपाई मागता येत नाही. हातात भक्कम पुरावा असेल तरच या वाटेला जा.

जे वेगळं मिळतं
प्रधानमंत्री सुरक्षा विमा: वर्षाला 20 रुपये खात्यातून कापले जातात. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख. एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी गेल्यास 1 लाख. एखादं बोट गेलं तर यात काही मिळत नाही. बँकेत शक्यतो 30 दिवसांत अर्ज द्या.

बांधकाम कामगार मंडळ: नोंदणी चालू असेल तर कामावरच्या मृत्यूला वारसाला 5 लाख, 75 टक्के किंवा अधिक कायम अपंगत्वाला 2 लाख. नोंदणीसाठी वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नूतनीकरण चुकवू नका.

पीएफ: सदस्याचा मृत्यू झाल्यास वारसाला विमा 7 लाखांपर्यंत. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पेन्शनसाठी 10 वर्षांच्या नोकरीची अट नाही.

खर्च आणि फसवणूक
औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, कोर्ट फीसुद्धा त्यात येते. जिल्हा न्यायालयात जा किंवा 15100 वर फोन करा. खासगी वकील लावलात तर फी लेखी ठरवा, पावती घ्या. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. दवाखान्याबाहेर "केस मिळवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला कागद देऊ नका, एटीएम कार्ड तर नाहीच.

मालक रोख रक्कम पुढे करून "आता काही तक्रार नाही" असं स्टॅम्प पेपरवर लिहून मागेल. भरपाईचा हक्क अशा कागदाने सोडता येत नाही. तो करार रद्दबातल ठरतो. तरी कोर्टात तोच कागद तुमच्यासमोर ठेवला जाईल आणि वर्षं वाया जातील. उपचाराचे पैसे मालक देत असेल तर घ्या, पण पावतीवर "उपचारासाठी" एवढंच लिहा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका, आणि मोफत वकिलाला भेटल्याशिवाय कोणतीही तडजोड मान्य करू नका.