थांबव, परत दाखव! (घरी पाहिलेला पुलाचा माहितीपट)



१५ सप्टेंबर हा दिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळतात. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६१ साली याच दिवशी झाला. ते पुण्याला शिकले. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाला त्यांनी १९०३ साली आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. ही माहिती सांगून गुरुजींनी घरचा अभ्यास दिला, "अभियंते काम कसं करतात याचा एक माहितीपट घरी बघा आणि सोमवारी वर्गात सांगा."

माहितीपट म्हणजे खऱ्या गोष्टींचा सिनेमा. त्यात हिरो नसतो, गाणी नसतात. माझा चुलत दादा कॉलेजात आहे. त्याने बुलेट ट्रेनच्या पुलांचा एक माहितीपट पेनड्राइव्हमध्ये आणला आणि आमच्या टीव्हीला लावला. आईची मालिका बुडाली, पण ती काही बोलली नाही. आजी म्हणाली, "आमच्या टायमाला पिक्चरच्या आधी असलं दाखवायचे. शेती, धरण, कारखाना. लोक तेवढ्यात शेंगा घेऊन यायचे." दादाने सांगितलं की ते माहितीपट फिल्म्स डिव्हिजन तयार करायचं. ही सरकारी संस्था १९४८ साली मुंबईत सुरू झाली आणि २०२२ साली ती दुसऱ्या सरकारी संस्थेत मिळवली.

पुलाचे टप्पे

मुंबई ते अहमदाबाद हा बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटर आहे. त्याची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली. मार्गावर १२ स्थानकं आहेत. त्यांतली चार महाराष्ट्रात आहेत: मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर. म्हणजे आपलं विरार त्यात आहे! विरारला रेल्वेचं नवल नाही. पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहूनच मुंबईच्या बॅकबेला गेली होती. पण ही नवी गाडी ताशी ३२० किलोमीटर वेगाने जाणार आहे. विरार आणि बोईसरच्या मध्ये वैतरणा नदी लागते. तिच्यावरचा पूल सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीचा. गुरुजींनी फळ्यावर गणित करून दाखवलं. गाडी तो पूल साधारण २५ सेकंदांत पार करील. तेवढ्यात माझ्या चपलेचा पट्टापण लागत नाही.

या मार्गाचा पुष्कळसा भाग जमिनीवरून नाही, उंच खांबांवरून जातो. माहितीपटात त्याचे टप्पे दाखवले ते असे:

१. जमिनीत खोल भोक पाडतात, त्यात सळयांचा पिंजरा सोडतात आणि काँक्रीट भरतात. याला पाइल म्हणतात. झाडाला जशी मुळं तशी पुलाला पाइल.
२. अशा काही पाइलच्या डोक्यावर एक जाड ओटा घालतात.
३. ओट्यावर खांब उभा करतात.
४. दोन खांबांवर गर्डर ठेवतात. गर्डर म्हणजे पुलाचा आडवा तुकडा. तो आतून पोकळ असतो.

हा गर्डर खांबावर बनवत नाहीत, कारखान्यासारख्या आवारात बनवतात. लांबी ४० मीटर आणि वजन ९७० टन! मी आपला वर्ग टेपने मोजला. तो ६ मीटर भरला. म्हणजे एक गर्डर जवळजवळ सात वर्गांएवढा लांब. सिमेंटची एक गोणी ५० किलोची असते. ९७० टन म्हणजे ९,७०,००० किलो. भागिले ५०. उत्तर १९,४०० गोण्या. एवढं वजन एका तुकड्यात उचलतात. आपल्या पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यातल्या साखरे गावाजवळ असा ४० मीटरचा गर्डर २०२५ साली बसवला. महाराष्ट्रातला तो पहिला.

माझी चूक

सोमवारी मी वर्गात उभी राहिले आणि सांगितलं, "खांब अर्ध्या मिनिटात तयार होतो. मी डोळ्यांनी बघितला." सगळी मुलं हसली. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मग हिच्या बाबांना घर बांधायला वर्ष का लागतं?" माझे बाबा गवंडी आहेत. मला रडू आलं. पण मी खरंच बघितलं होतं ना! खांब जमिनीतून भराभरा वर आला होता.

गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "तू बघितलंस ते खरं आहे. पण नीट नाही बघितलंस. आज परत लाव आणि या वेळी सावलीकडे बघ."

त्या रात्री बाबा कामावरून लवकर आले होते. मी परत माहितीपट लावला. खांब वर यायला लागला आणि मी सावली बघितली. सावली गरागरा फिरत होती! मध्ये मध्ये अंधार होत होता आणि दिवे लागत होते. म्हणजे ते अर्धं मिनिट नव्हतंच. कितीतरी दिवस आणि रात्री होत्या. मी मोजायला लागले, पण मोजता मोजता चुकले.

दादाने त्याची युक्ती सांगितली. कॅमेरा एका जागी पक्का ठेवतात. समजा तो दर १० मिनिटांनी एक फोटो काढतो. तासाला ६ फोटो, दिवसाला १४४. सिनेमात एका सेकंदात २४ चित्रं सरकतात. १४४ भागिले २४ बरोबर ६. म्हणजे अख्खा दिवस फक्त ६ सेकंदांत संपतो!

बाबा म्हणाले, थांबव

मग पडद्यावर माणसं आली. हेल्मेट घालून सळया बांधत होती. थोडाच वेळ दिसली आणि गेली. बाबा एकदम म्हणाले, "थांबव. परत दाखव."

मी रिमोटने मागे घेतलं आणि चित्र थांबवलं. बाबा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले. म्हणाले, "हे बघ. सळईच्या बाहेरून छोटे छोटे ठोकळे बांधलेत. ते कशाला?" मला माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं, "त्याने सळई साच्याला चिकटत नाही. सगळीकडून काँक्रीटचं पांघरूण मिळतं. पांघरूण कमी पडलं की पाणी आत जातं आणि सळई गंजते. आपल्याकडे तर खाडीची खारी हवा. इथे जास्तच जपावं लागतं." माहितीपटातला माणूस हे बोलला नव्हता. बोलला असेल तरी इंग्रजीत, आम्हाला कळलं नसतं.

पुढे काँक्रीट ओतलं आणि लगेच दुसऱ्या चित्रात तयार खांब. बाबा हसले. "मधलं पाणी मारणं कुठे गेलं?" मी म्हटलं, वाळल्यावर घट्ट होतंच की. बाबा म्हणाले, "सिमेंट वाळून घट्ट होत नाही गं, पाणी पिऊन होतं. पाणी मारलं नाही तर तडे जातात. पूर्ण ताकद आली का ते २८ दिवसांनी ठोकळा दाबून तपासतात." मोठ्या कामात सिमेंटला वाफही देतात, मग ते लवकर पक्कं होतं.

मी वहीत गणित केलं. एका दिवसाला ६ सेकंद, तर २८ दिवसांना १६८ सेकंद. म्हणजे जवळजवळ तीन मिनिटं नुसतं थांबणंच दाखवावं लागलं असतं. सिनेमावाल्यांनी ते कापलं. पण बांधणाऱ्याला ते कापता येत नाही.

मला एक कोडं पडलं होतं. एवढा जड गर्डर खांबापर्यंत न्यायचा कसा? खाली शेत, ओढा, चिखल. आम्ही तो भाग तीनदा मागे घेऊन बघितला तेव्हा कळलं. आधी बसवलेल्या गर्डरांवरूनच पुष्कळ चाकांची गाडी नवा गर्डर घेऊन जाते. टोकाला मोठं यंत्र उभं असतं. ते गर्डर उचलून पुढच्या दोन खांबांवर ठेवतं. मग त्याच्यावरून त्याच्या पुढचा. पूल स्वतःच्याच पाठीवरून पुढे जातो.

शेवटी नावं आली. कॅमेरा कोणाचा, आवाज कोणाचा. मी विचारलं, "गवंड्यांची नावं कुठायत?" बाबा म्हणाले, "त्यांची लिहायची तर पिक्चरपेक्षा नावंच लांब व्हायची." आजीने पण एक विचारलं. "ज्या जमिनीवर हे खांब आहेत ती आधी कुणाची होती, ते सांगितलं का?" ते सांगितलं नव्हतं. आपल्या जिल्ह्यात या मार्गासाठी शेतजमिनी आणि फळबागा घ्याव्या लागल्या. म्हणून मी ते इथे लिहिलं आहे.

बाबा वर्गात आले

मी सगळं गुरुजींना सांगितलं. त्यांनी बाबांना शाळेत बोलावलं. बाबा एक दिवस अर्धी सुट्टी घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पिशवीत ओळंबा होता. आम्ही मुलांनी विटांचा मनोरा रचला. आम्हाला तो सरळ वाटला. बाबांनी ओळंबा सोडला तर मनोरा वरच्या बाजूला एक बोट कलला होता! ओळंब्याची दोरी नेहमी सरळ खाली असते, कारण पृथ्वी वजनाला आपल्याकडे ओढते. पुलाच्या खांबाची सरळ रेषा आता यंत्राने बघतात. पण खांब कललेला चालत नाही, हा नियम दोन्हीकडे एकच.

मागच्या बाकावरच्या मुलाने बाबांना सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले.

करून पहा

काँक्रीट दाब पुष्कळ सोसतं, पण ताणलं की तडकतं. म्हणून गर्डरच्या आतून पोलादी तारांचे दोर घालतात, ते यंत्राने ताणतात आणि दोन्ही टोकांना पक्के करतात. दोर आखडायला बघतात आणि काँक्रीट सतत दाबलेलं राहतं. हे मला चित्र थांबवूनही कळलं नव्हतं. गुरुजींनी पुस्तकांनी दाखवलं.

आठ पुस्तकं घ्या. ती उभी, एकमेकांना चिकटून एका ओळीत ठेवा. दोन्ही टोकांना हात लावून जोरात दाबा आणि ओळ उचला. मधल्या पुस्तकांना खालून काही आधार नाही, तरी ती पडत नाहीत. आता हात जरा सैल सोडा. धपकन पडतील! तुमचे हात म्हणजे ते ताणलेले दोर.

मित्रांनो, आजीला थिएटरात "थांबव" म्हणता येत नव्हतं. आपल्याला घरी म्हणता येतं. म्हणून माहितीपट एकदा सरळ बघा आणि दुसऱ्यांदा थांबवून बघा. आणि ज्यांना त्या कामातलं कळतं, त्यांना शेजारी बसवा.

सांगा पाहू?

१. खांबाला पाणी मारलं नाही तर काय होईल?
२. कॅमेरा दर ५ मिनिटांनी फोटो काढत असेल तर एक दिवस किती सेकंदांत संपेल?
३. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना कोणतं काम येतं, जे आपल्या वर्गात दाखवता येईल? (उत्तर गुरुजींकडे द्या. पुढच्या शनिवारी त्यांना बोलावणार आहेत.)

इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी