केबिनमध्ये गरम वारा : गॅस भरण्याअगोदर काय पाहावे?



बीड जिल्हा हा ऊसतोडणी मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. त्याच जिल्ह्यात आता सभासदांच्या दारात तोडणी यंत्रे उभी राहू लागली आहेत. राज्य शासनाने २०२३ साली यंत्रखरेदीसाठी अनुदान योजना आणली, तेव्हापासून चौकशी वाढली. यंत्र आले म्हणजे त्याच्याबरोबर ए.सी.ची केबिन आली, आणि मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या घरात गेला की आमच्या शेतकी खात्याकडे एकच तक्रार येते : "साहेब, ए.सी. गरम वारा फेकतोय."

ही चैनीची बाब आहे असे कोणी समजू नये. केबिन तापली की ड्रायव्हर दार उघडे टाकतो, पाचटाची धूळ आत शिरते आणि दुपारी यंत्र बांधावर उभे राहते. यंत्राने तोडलेला ऊस तुकड्यांचा असतो. तो अखंड मोळीपेक्षा लवकर आंबतो. अर्धी भरलेली ट्रॉली फडात तापत राहिली तर नुकसान ऊसवाल्याचे आणि कारखान्याचेही.

अशा वेळी यंत्रमालक पहिला हुकूम सोडतो तो गॅस भरून आणण्याचा. पण गॅस म्हणजे डिझेल नव्हे, तो जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कारखान्याचा व्हॅक्यूम पॅन आपण पाहिला असेल. दाब कमी केला की त्यातला पाक कमी उष्णतेत उकळतो. ए.सी.चे तत्त्व हेच. सध्या बहुतेक जुन्या-नव्या गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस केबिनच्या कॉईलमध्ये हवेच्या दाबाच्या साधारण तिप्पट दाबावर असताना शून्य अंशाच्या आसपास उकळतो व उकळताना केबिनमधली उष्णता ओढून घेतो. पुढे कंप्रेसर त्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे पंधरापट करतो. त्या दाबाला तो ५५ अंशालासुद्धा पातळ होतो, मात्र ओढलेली उष्णता त्याने कंडेन्सरमधून बाहेरच्या हवेला दिली पाहिजे. कंडेन्सरच पाचटाने बुजलेला असेल तर ती जाणार कुठे?

आमच्या पाहण्यात निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात. मोटारगाडी रस्त्याला पळते तेव्हा कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो; तोडणी यंत्र फडात बैलाच्या चालीने चालते, त्याचा सारा भार पंख्यावर. तेव्हा ए.सी. चालू करून पंखा फिरतो का ते आधी पाहावे. मग इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवा मारावी. धुलाईची पिचकारी अगदी जवळून मारू नये, पातळ पत्र्या दुमडतात आणि वाट कायमची बंद होते. गळीत हंगामात हे काम रोज सकाळी ग्रीस भरतानाच उरकावे. मोटारगाडीतही चालताना थंड आणि उभी राहिली की गरम, असे होत असेल तर दोष बहुधा याच भागात.

वाराच कमी येत असेल तर केबिनचा फिल्टर काढून झटकावा, फाटला असल्यास बदलावा. पहिला अर्धा तास गार, मग वारा मंदावतो, थोडे थांबल्यावर पुन्हा गार. असे असेल तर कॉईलवर बर्फ धरतो आहे. तिथेही आधी फिल्टर, नंतर थर्मोस्टॅट.

वारा जोरात पण गरम असेल तर कंप्रेसरकडे लांबूनच नजर टाकावी. पट्ट्याजवळ हात किंवा उपरण्याचे टोक नेऊ नये. पुली तर कायमच फिरते, ए.सी. चालू केल्यावर तिच्या तोंडावरची चकती 'कट्' आवाज करून फिरू लागली पाहिजे. ती फिरत नसेल तर फ्यूज, रिले, वायर पाहावी. गॅस फार कमी झाला तरी दाबाचा स्विच तिला चालू होऊ देत नाही.

चकती फिरते आणि तरी गार नाही, तेव्हा सांधे तपासावेत. गॅसबरोबर तेलही झिरपते, म्हणून तेलकट डागावर धूळ चिकटलेली दिसली की साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. एका सभासदाने एकाच हंगामात दोनदा गॅस भरला. तिसऱ्यांदा फिटरने शोधले तेव्हा क्लॅम्पखाली हादऱ्याने घासलेली नळी सापडली. नळी बदलली, काम झाले. दोन वेळचे पैसे मात्र हवेत गेले, अक्षरशः!

नळ्यांचे नट स्वतः ढिले करू नयेत. उसळलेला गॅस डोळ्यात गेला तर इजा होते. गळती काढल्यावर फिटरकडून अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम करून घ्यावा, म्हणजे नळ्यांतली ओल निघते. मग थोडा वेळ थांबून काटा हलतो का ते पाहावे. हलला तर गळती अजून आहे. गॅस अंदाजाने नव्हे, यंत्रावरच्या पट्टीत लिहिलेल्या वजनाइतकाच भरावा. जास्त झाला तरी गारवा घटतो. उसाच्या काट्यावर आपण दहा वेळा मान वाकडी करून पाहतो, तशी इथेही पाहावी.

स्वस्तात पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरून देणारेही भेटतात. सभोवती वाळले पाचट, शेजारी तापलेले इंजिन. तसे कोणी सुचवल्यास यंत्र तिथून सरळ परत आणावे.

हंगाम संपल्यावर यंत्र शेडमध्ये उभे असले तरी आठ-पंधरा दिवसांनी दहा मिनिटे ए.सी. चालवावा. कंप्रेसरच्या सीलला तेल मिळते, ते सुकत नाही.

— ऊस विकास अधिकारी