भुशातली राळ मोजताना

पोरी, बहरीनच्या लॅबमध्ये रुजू होते आहेस, तर निघण्याआधी एवढं ऐकून घे. सलमाबादच्या एखाद्या सुतारकामाच्या शेडमधून फिल्टर येतील, चिठ्ठीवर फक्त ‘लाकडाची धूळ’ असेल. आधी विचार, लाकूड कुठलं? आपण मोजतो ती राळेतली आम्लं पाइन-स्प्रूसची. मुहर्रकचे कारागीर ज्या सागाची गलबतं बांधत आले, त्या सागात ती सापडायची नाहीत. म्हणून आकडा शून्य आला की धूळ निर्धोक, असं लिहून मोकळी होऊ नकोस. लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करते, हे आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे.

फिल्टरचं वजन आधी, सॉल्व्हंट नंतर. तिथल्या दमट हवेत फिल्टर पाणी ओढतो, म्हणून कोरे फिल्टर सोबत ठेव आणि सगळे एकाच खोलीत रात्रभर राहू देऊन मग तोल.

आता पद्धतींचं. मी नवा होतो तेव्हा एकाच भुशाचे दोन आकडे आले. एचपीएलसीचा, म्हणजे द्रव क्रोमॅटोग्राफीचा कमी, जीसीचा, म्हणजे वायू क्रोमॅटोग्राफीचा बराच जास्त. आम्ही पंधरा दिवस एकमेकांच्या कॅलिब्रेशनवर संशय घेतला. दोष कुणाचाच नव्हता. एचपीएलसीचा यूव्ही डिटेक्टर २४० नॅनोमीटरच्या आसपास लावला होता. तिथे अॅबिएटिक आम्ल ठसठशीत दिसतं, कारण त्याचे दुहेरी बंध एकमेकांशी जोडलेले असतात. पिमॅरिक, आयसोपिमॅरिक यांचे तसे नसतात, म्हणून ती तिथे जवळपास दिसतच नाहीत. जीसीला सगळीच दिसतात, पण आधी आम्लाचं एस्टर करावं लागतं, नाहीतर आलेखातलं पीक शेपटीसारखं लांबतं. सिलिल एस्टर करणार असशील तर कुपी कोरडी ठणठणीत हवी. ओलाव्याने अभिक्रियाकारकच मरतो, आणि ओलावा तिथे दाराशीच उभा असतो. मास डिटेक्टरवरही डोळे झाकून विसंबू नकोस. अॅबिएटिक आणि पिमॅरिक दोन्हींचा रेणुभार ३०२, त्यांना वेगळं करायचं काम कॉलमचंच.

मला सगळ्यात जास्त काळजी नमुन्याच्या प्रवासाची वाटते. अॅबिएटिक आम्ल हवेत ऑक्सिडाइझ होतं. जुलैच्या दुपारी बंद गाडीत नमुना राहिला की ते घटतं, डीहायड्रोअॅबिएटिक मात्र बऱ्यापैकी टिकतं, आणि त्याचं ७-ऑक्सो रूप वाढतं. ताज्या आणि शिळ्या भुशाचे आकडे शेजारी मांडलेस, तर पद्धतींची तुलना होत नाही, उन्हाची होते. नमुना थंड, अंधारात आण, वेळ लिही, आणि दोन पद्धती ताडायच्या तर एकाच अर्काचे दोन भाग करून ताड.

रिपोर्टात ‘एकूण राळ आम्लं’ एवढंच लिहू नकोस. कोणकोणती मोजलीस, ती नावानिशी लिही. आणि एस्टर करायला डायझोमिथेन वापरायची वेळ आलीच, तर घासलेल्या काचेचा सांधा कुठेही नको, आणि ते काम एकटीने कधीच करू नकोस.